लंबी रोटी, कूलर आणि चार वर्षांच्या नातवाचा खोकला

नागपूरच्या कोराडी रोडवरच्या एका घराचं हे प्रकरण. मावशींच्या परवानगीने लिहितेय. नाव, गल्ली आणि घराच्या खुणा मुद्दाम गाळल्या आहेत.

जानेवारीतली सकाळ होती. मावशी बाकावर बसल्या होत्या त्या पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. ही बैठक पाहिली की छातीच्या डॉक्टरचं निम्मं निदान तिथंच होतं. वय ४९. विडी-सिगारेट कधीच नाही. नवरा ऑटो चालवतो, तो खर्रा खातो पण ओढत काही नाही. चार वर्षं खोकला, दोन वर्षांपासून दम. आता मोरीपासून दारापर्यंत आलं तरी थांबावं लागतं.

सोबत प्लास्टिकच्या पन्नीत कागदांचा गठ्ठा. थुंकीची तपासणी तीनदा, तिन्ही वेळा टीबी नाही. खोकल्याच्या पातळ औषधांच्या चिठ्ठ्या. मधूनमधून पाच-पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, ज्यांनी दरवेळी महिनाभर बरं वाटलं. दोन ठिकाणी "दमा" लिहिलेलं, एका ठिकाणी "अॅलर्जी". आणि व्यवसायाच्या रकान्यात सगळीकडे "गृहिणी". आमच्या केसपेपरवरही तेच होतं. मीही तो रकाना वाचून पुढे गेले होते.

मग हातांकडे लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही, कातडी भाजून भाजून चकचकीत झालेली.

"मावशी, काम काय करता?"

"काम कायचं जी, घरीच असतो. ऑर्डर आली की लंबी रोटी करतो."

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. लंबी रोटी, म्हणजे मडक्यावरची पोळी, ही नागपूरची खासियत. लोकवन गव्हाची कणीक इतकी सैल भिजवतात की ती जवळजवळ ओघळते. ती आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळायची, मग दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अंथरायची. सावजी मटण आणि ही रोटी असा बेत लग्नात, बारशात, निवडणुकीच्या पंगतीत असतोच. ती करणाऱ्या बहुतेक बायका वस्त्यांतल्या असतात. मडकं सगळीकडून सारखं तापावं लागतं म्हणून खाली जाळ मोठा लागतो, आणि बाई त्या जाळापासून हातभर अंतरावर बसते. दोन-तीनशे रोट्यांची ऑर्डर असेल तर चार-पाच तास. मावशी सोळाव्या वर्षापासून बसतायत.

मी काय म्हटलं असेल? जे सगळे म्हणतात तेच. गॅस वापरा.

"गॅस हाय ना जी घरी. उज्ज्वलाचा. चहा, भाजी त्याच्यावरच होते. पण लंबी रोटी गॅसवर कशी होईन?"

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिने कोट्यवधी घरांत शेगडी पोचवली, यात वाद नाही. पण सिलिंडर घरात आला म्हणजे चूल गेली, असं होत नाही. चहा गॅसवर, आंघोळीचं पाणी चुलीवर, भाकरी कधी इथं कधी तिथं. मावशींच्या घरात तर चूल हाच धंदा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर त्यांनी एकदा आणून पाहिला होता. एकाच जागी आच लागून दोन मडकी तडकली आणि त्या दिवशीची कमाई मडक्यांत गेली. माझा सल्ला त्यांनी माझ्या आधीच करून टाकून दिलेला होता.

फुंकून घेतलेली तपासणी

स्पायरोमेट्री केली. यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं गुणोत्तर पाहायचं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं तर श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेत असं धरतात. मावशींचं ०.५६ आलं, औषधानंतर जवळजवळ तेवढंच. दम्यात हा अडथळा बराचसा सुटतो. इथं तो सुटला नाही. हा सीओपीडी होता, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार, ज्याला सर्रास "सिगारेटवाल्यांचा आजार" म्हणतात. न ओढणाऱ्या बाईला तो असू शकतो हे डोक्यात नसलं की ती वर्षानुवर्षं दमा, अॅलर्जी आणि टीबीच्या संशयात फिरत राहते.

लाकडाच्या धुरात आणि सिगारेटच्या धुरात बरंच साम्य आहे: सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड. निकोटिन तेवढं नाही. २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण, म्हणजे ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, ते केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकट पदार्थ त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात, तिथं सूज धरते, आणि ती सूज फुप्फुसापुरती राहत नाही. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. म्हणून हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा एवढा मोठा आहे. मावशींचा रक्तदाबही वाढलेला निघाला. तो धुराने वाढला असं मी एका रुग्णावरून म्हणणार नाही, पण त्याची औषधं त्याच दिवशी सुरू केली.

घरी

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. सोबत पीएम २.५ मोजणारा, लेझरवर चालणारा हातातला मीटर घेतला. हे मीटर काटेकोर आकड्यासाठी नसतात, दमट हवेत फुगवून दाखवतात. इथली हवा आणि तिथली हवा यांतला फरक मात्र कळतो, मला तेवढंच हवं होतं.

सकाळचे साडेसात. नागपूरच्या थंडीत या वेळी जमिनीलगतची हवा गार आणि वरचा थर उबदार असतो. जणू झाकण ठेवल्यासारखं. शेकोट्या, पेटवलेला कचरा, ट्रकांचा धूर, खोदलेल्या रस्त्यांची माती, सगळं त्या झाकणाखाली अडकून पडतं. रस्त्यावर मीटर शंभराच्या वर होता. देशाचं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेलं १५.

मावशींचा नवरा ऑटो पुसत होता. मी कशाला आलेय हे कळल्यावर त्याने सीटवर बोट ओढून दाखवलं.

"हे पाहा मॅडम. रोज सकाळी. हे सगळं कोराडीचं होय. तुम्ही आमच्या चुलीले काय बोलता?"

त्याचं चुकीचं नव्हतं. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं शहराच्या उत्तरेला उभी आहेत, राखेचे तलाव आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून शेतं-नाले राखेने भरले होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या उत्सर्जनाची मानकं ठरवली आणि मग त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. या लोकांचा राग अनाठायी नाही. फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली. सीटवर बोटाला लागते ती राख जाडी असते, तिचा बराच भाग नाका-घशातच अडकतो. चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेत जाऊन दूरवर सूक्ष्म सल्फेट कण तयार करतो. ते सीटवर दिसत नाहीत आणि तेच खोल जातात. म्हणजे कोराडीबद्दलचा त्याचा संशय बरोबर होता, पुरावा तेवढा दुसराच होता.

मग आम्ही मागे गेलो. घराच्या मागच्या भिंतीला लागून टिनाचं शेड, तिन्ही बाजूंनी बंद, कारण बाजूच्या घरात धूर जातो म्हणून भांडण झालं होतं. आत दोन चुली. सरपण टालीवरचं, अर्धं ओलं, आणि एका कोपऱ्यात फर्निचरच्या दुकानातून स्वस्तात आणलेले प्लायवुडचे तुकडे. पेटवायला पन्नी. मीटर आत नेला. आकडे भराभर चढले आणि ९९९ वर थांबले. त्याहून वरचं त्याला मोजताच येत नाही.

कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. त्याचा एक ठोकताळा मला फार उपयोगी वाटतो: घरात सुटलेला धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता बाहेर उंचावर सुटलेल्या धुरापेक्षा साधारण हजारपट असते. चिमणी कितीतरी टन धूर सोडते, चूल काही किलो. पण चुलीचा धूर जाणार कुठे? समोर बसलेल्या बाईच्याच छातीत. सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओसमोरच्या केंद्रावर जो हवेचा निर्देशांक दिसतो, तो शहराच्या हवेबद्दल खरं बोलतो. या टिनाच्या आतलं त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही.

मावशींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९५. नवरा म्हणाला, "बरोबर हाय ना?" इथं एक खोच आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही. जाळासमोर बसलेल्या माणसाच्या बोटावर दिसणारा चांगला आकडा खोटा दिलासा असू शकतो.

तिथंच, शेडच्या उंबऱ्यावर, एक पोरगा बसला होता. वय चार, नाक वाहतं. मावशींचा नातू. गेल्या वर्षभरात दोनदा छाती भरून दवाखान्यात ठेवला होता. मी त्याला उंबऱ्यावरून उठवायला सांगितलं, आणि त्याचं काम झालं असं समजले.

आम्ही काय बदललं

धंदा बंद करा असं म्हणायचं नव्हतं. घराचा हप्ता त्या रोट्यांवर चालतो. जे हाताशी होतं तेच केलं.

पन्नी आणि प्लायवुड पहिल्याच दिवशी बंद झालं. हे सगळ्यात सोपं गेलं, कारण प्लायवुडच्या धुराने डोळे जास्त चुरचुरतात हे मावशींना स्वतःलाच माहीत होतं. सरपण पावसाळ्याआधी घेऊन, बारीक फोडून, कोरडं ठेवायचं ठरलं. ओल्या लाकडात आधी पाणी उकळतं, जाळ थंड राहतो, आणि अर्धवट जळलेला सगळा माल हवेत जातो. रस्त्याकडची टिनाची बाजू काढली, छप्पर दीड हात वर उचललं आणि चुलींवर टिनाचं धुरांडं बसवलं. शेजारणीशी मावशींच्या नवऱ्याने बोलणी केली. धुरांडं तिच्या खिडकीच्या वर जाईल या अटीवर ती राजी झाली. आंघोळीचं पाणी विजेच्या रॉडवर.

धुरांड्यावर माझा फार भरवसा नव्हता. ग्वाटेमालात धुरांड्याच्या चुलींची मोठी चाचणी झाली होती, निष्कर्ष २०११ मध्ये आले. श्वासातला धूर निम्म्याने कमी झाला, तरी मुलांचा एकूण न्यूमोनिया त्या मानाने फारसा घटला नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. धूर आणि आजार यांचं नातं सरळ रेषेत नाही. अगदी खालच्या पातळीवर थोडा धूर वाढला तरी धोका झपाट्याने चढतो, आणि वरच्या पातळीवर पुष्कळ धूर घटवूनही फायदा कमी दिसतो. ९९९ चं ४०० झालं तर डोळ्यांना फरक कळतो. फुप्फुसाला तेवढा कळत नाही.

औषधात रोजचा इन्हेलर आणि स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी. इन्हेलर "सवय लावतो" म्हणून मावशी घाबरत होत्या. पंप दाबायचा आणि श्वास घ्यायचा ताळमेळ जमेना, म्हणून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडून स्पेसर केला. तो विकतच्याइतकाच चालतो. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस दिली. मास्कचं विचाराल, तर जाळासमोर दम लागणाऱ्या बाईला घट्ट मास्क लावून पाच तास बसवणं अशक्यच. तोंडाला दुपट्टा बांधते म्हणाल्या. नागपूरच्या रस्त्यावर डोळे सोडून सगळं झाकणारा दुपट्टा उन्हासाठी उत्तम आहे. सूक्ष्म कणांना तो चाळणीच.

मार्चपर्यंत मावशींचा खोकला उतरला. चालणं वाढलं. मी फाइलवर समाधानाने काहीतरी लिहिलंसुद्धा.

मे महिना

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नातू आला. ताप, बरगड्या आत ओढल्या जातायत, छातीत शिट्ट्या. गेल्या वर्षीची दोन्ही दुखणी काढून पाहिली. एक डिसेंबरचं, दुसरं मेचं. डिसेंबरचं मी थंडीच्या धुक्यावर ढकललं होतं. मेमध्ये झाकण नसतं, नागपूरची हवा तापून वर उठते, वारा असतो. शेड तर आता निम्मं उघडं. मग पोराच्या छातीत काय चाललंय?

मी परत घरी गेले, या वेळी दुपारी. पारा ४४ वर. मुलगा समोरच्या खोलीत झोपला होता, शेडपासून भिंतीपलीकडे, मीच सांगितलं होतं तसा. खोलीत कूलर घोंघावत होता. नागपुरात उन्हाळ्यात कूलर नसलेलं घर शोधून सापडणार नाही, म्हणून माझी नजर त्यावरून सरकली. मीटर खोलीत ठेवला. तीनशेच्या वर. बाहेर अंगणात साठ. दारं-खिडक्या बंद, आत चूल नाही, उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. कॉइल मी जानेवारीतच बंद करायला लावली होती: एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलंय.

मागच्या अंगाला गेले तेव्हा उलगडा झाला. कूलर मागच्या खिडकीत बसवलेला होता. त्याची पाठ शेडकडे. लग्नसराईचे दिवस, मडकं पेटलेलं, आणि चुलीपासून चार हातांवर हा दणदणीत पंखा शेडमधली हवा गवताच्या जाळ्यांतून ओढून थेट पोराच्या पलंगावर सोडत होता. कूलर तसा बाहेरची हवा आत घेणारं यंत्र. त्याचं ओलं गवत जाडी धूळ धरतं, धुराचे बारीक कण आणि वायू धरत नाही. शेडची रस्त्याकडची बाजू आम्ही उघडली होती, खिडकीकडची उघडीच होती. भिंतीच्या पलीकडे हलवलेला मुलगा पंख्याने पुन्हा चुलीसमोर आणून बसवला होता. फरक एवढाच, की मावशी पाच तास बसत आणि तो दुपारचा आणि रात्रीचा झोपलेला.

"बाप्पा!" मावशी म्हणाल्या. "म्हणजे थंडाव्यासंगं धूरच पाजला का आम्ही त्याले?"

मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग आला. जानेवारीत तो कूलर खिडकीतच होता, वरून चादर टाकून झाकलेला. मी त्याला टेबलासारखं वापरून त्यावर माझी पिशवी ठेवली होती.

संध्याकाळी नवरा आणि त्याच्या दोन मित्रांनी कूलर काढून पुढच्या खिडकीत बसवला, मागची खिडकी विटांनी बुजवली. पुढून रस्त्याची धूळ येते, ते काही शुद्ध नाही. तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटलेली असताना खोलीतला आकडा अंगणाच्या जवळ आला. त्यानंतर मी सगळ्या केसपेपरवर एक प्रश्न हाताने लिहायला सुरुवात केली: कूलर कुठे आहे आणि त्याच्या पाठीशी काय आहे. उत्तरं चकित करणारी येतात. नालीवर, जनरेटरच्या तोंडाशी, शेजारच्या ढाब्याच्या भट्टीकडे.

पुढचं वर्ष

मुलाला पुढच्या डिसेंबरात सर्दी-खोकला झाला, पण दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. एका मुलावरून, एका वर्षावरून मी यापलीकडे काही म्हणणार नाही. मुलं वाढतात तसा त्यांचा न्यूमोनियाही आपोआप कमी होतो.

मावशींचं गुणोत्तर ०.५५. गेलेलं परत येत नाही. वर्षात एकदाच स्टिरॉइड लागलं, त्याआधीच्या वर्षी पाचदा लागलं होतं. मोरीपासून दारापर्यंत थांबत नाहीत. जिना मात्र चढत नाहीत.

आणि एक गोष्ट मी विचारली नव्हती. जानेवारीच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा हातांवर बारीक लव उगवलेली दिसली. मी खूश होऊन विचारलं, चुलीसमोर बसणं कमी झालं वाटतं?

"तुम्ही सांगतलं ना जी, कमी बसा म्हणून. आता सून बसते. तिचा हात मस्त बसला, माझ्यापेक्षा पातळ करते."

सून दाराशीच उभी होती. चोवीस वर्षांची, पाचवा महिना. गरोदरपणातल्या धुराचा संबंध बाळाचं वजन कमी भरण्याशी जोडला गेलाय, हे मी तिला सांगायला सुरुवात केली, आणि तिने सासूकडे पाहिलं, सासूने खाली. येत्या एप्रिलच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या.

तिला आत घेतलं. नवा केसपेपर काढला, व्यवसायाच्या रकान्यात "लंबी रोटी, चुलीवर, रोज ४–५ तास" असं लिहिलं आणि फुंकायची नळी तिच्या हातात दिली. ०.८४. कोरी, निरोगी फुप्फुसं. मावशी यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या.

"माझं बी पहिलं असंच होतं का जी?"